घोड्याच्या पायाच्या चिखल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की माथेरानची लाल माती आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्याच्या वाटा सप्टेंबरपर्यंत सुकत नाहीत. या चार महिन्यांत घोड्याच्या पायांना कोरडं व्हायला उसंतच मिळत नाही. मग खुराच्या वर, मागच्या खळग्यात, खपल्या धरू लागतात. कुणी याला चिखल्या म्हणतं, कुणी पाय सडले म्हणतं, इंग्रजीत याला मड फीवर म्हणतात. आजार जुना आहे, उपचार साधा आहे, पण चुकीच्या उपचारानं वाढतोही पटकन. घोडा रोज राबतो, तबेल्यावर पत्रा आहे आणि डॉक्टर डोंगराखाली आहे, अशा घोडेवाल्याला समोर ठेवून खालची उत्तरं लिहिली आहेत.

हा आजार नेमका कशानं होतो? चिखलातून येतो का?

चिखल निमित्त आहे. कातडी सतत ओली राहिली की ती फुगते, मऊ पडते. चिखलातली बारीक रेती त्यावर घासली जाते आणि डोळ्यांना दिसणार नाहीत असे ओरखडे पडतात. तिथून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा हा जंतू असतो डर्माटोफिलस काँगोलेन्सिस. १९१५ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये गुरांच्या कातडीवर तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून हे नाव. त्याच्या जोडीला पू करणारे स्टॅफिलोकोकस जंतूही असतात.

डर्माटोफिलसची एक खोड लक्षात ठेवली की पुढचे सगळे उपचार आपोआप समजतात. कोरड्या खपलीत तो कितीतरी महिने निपचित पडून राहतो. खपलीला पाणी लागलं की त्यातून पोहू शकणारे बीजाणू बाहेर पडतात आणि शेजारच्या ओल्या कातडीत घुसतात. त्याला हवं असतं पाणी. म्हणून ज्या उपचारात पाय कोरडा होत नाही, तो उपचार कितीही महाग औषधाचा असला तरी अर्धवटच राहतो.

नावात फीवर आहे, मग घोड्याला ताप येतो का?

साध्या चिखल्यांत येत नाही. ताप आला असेल तर जंतू कातडीखाली पसरले आहेत असं समजून त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. घोड्याचं तापमान गुदद्वारात थर्मामीटर धरून घेतात. ९९ ते १०१ फॅरनहाइट हे ठीक, १०१.५च्या वर गेलं की काळजी.

सुरुवातीला कसं ओळखायचं? केसांखाली काही दिसत नाही.

दिसण्याआधी हाताला लागतं. रोज संध्याकाळी चारही पायांच्या मागच्या खळग्यात, टाचेच्या वर, बोटं फिरवा. तांदळाच्या दाण्याएवढे खडबडीत कण लागले, किंवा केस एकमेकांना चिकटून उभे राहिले असतील, तर सुरुवात झाली. बोट लावताच घोडा पाय झटकत असेल तर तिथे दुखतंय. नंतर खपल्या जाड होतात, त्यांच्याखालून पिवळसर-हिरवट पू किंवा लस येते, कातडीला आडव्या भेगा पडतात. चालताना या भेगा पुन्हा पुन्हा उघडतात, म्हणून टाचेमागची जखम सगळ्यांत उशिरा भरते.

नुसतं बघून समाधान मानू नका. पावसाळ्यात घोड्याचे केस ओले आणि मातीनं माखलेले असतात, डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं.

चारही पाय पांढरे असलेल्या घोड्यालाच हे जास्त का होतं?

पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते. तिच्यात रंगद्रव्य नसतं आणि ती ओल, ऊन, माशा सगळ्यांपुढेच कमी टिकते. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या, घोड्याला बाजारात मान असतो, वरातीत मागणी असते, पण पावसाळ्यात त्याच्या पायांकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं. नुकऱ्या, म्हणजे पांढऱ्याशुभ्र, घोड्यांचंही तसंच, त्यांची तर सगळी कातडी गुलाबी. काळ्या पायाच्या घोड्याला चिखल्या होतच नाहीत असं मात्र नाही. एकाच घोड्याचा पांढरा पाय सडलेला आणि शेजारचा काळा पाय धडधाकट, हे नेहमी दिसतं.

खपल्या काढायच्या की राहू द्यायच्या?

काढायच्या, पण ओढून नाही. सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. कोरडी खपली नखानं किंवा खरार्‍यानं उपटली की खालची कोवळी कातडी सोलून निघते, रक्त येतं, घोड्याला आग होते आणि पुढच्या वेळी तो पाय उचलूच देत नाही. लाथ बसते ती अशा वेळी, आणि त्यात घोड्याचा काही दोष नसतो.

उलट, खपली तशीच ठेवून वरून मलम चोपडलं तर औषध जंतूपर्यंत पोहोचतच नाही. जंतू खपलीच्या खालच्या ओल्या बाजूला असतो.

म्हणून आधी खपली मऊ करायची. त्या जागेचे केस बोथट टोकाच्या कात्रीनं जपून कापा, म्हणजे ओल धरून ठेवायला काही उरणार नाही. मग कोमट पाण्यात पुढच्या उत्तरात सांगितलेलं औषध मिसळून त्यात भिजवलेलं फडकं खपल्यांवर दहा मिनिटं धरा. ज्या खपल्या बोटानं हलकेच चोळल्यावर सुटतात त्या काढा. ज्या सुटत नाहीत त्या उद्यासाठी ठेवा. फार जाड थर असेल तर रात्री त्यावर डॉक्टरनं दिलेलं मऊ मलम भरपूर लावून, वर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिक कागद आणि सैल पट्टी गुंडाळतात, आणि सकाळी धुतात. हे एकच रात्र करायचं. पट्टी दोन-तीन दिवस तशीच राहिली तर आत घाम साचतो आणि जंतूला हवं तेच मिळतं.

सुटलेल्या खपल्या तबेल्यात झाडून टाकू नका. त्या कागदात गोळा करून जाळा. जंतू त्यांच्यातच जिवंत असतो.

घोडा दुखण्यामुळे हात लावू देत नसेल तर त्याच्याशी झटापट करू नका, मुसक्या-दोऱ्यांनी जखडू नका. डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात सगळं नीट साफ करू शकतो. तो खर्च वाया जात नाही.

धुवायला कोणतं औषध, आणि किती पाण्यात?

क्लोरहेक्सिडीन सगळ्यांत चांगलं. मेडिकलमध्ये ते ४ टक्क्यांच्या स्क्रबच्या रूपात मिळतं. एक भाग औषधाला तीन भाग कोमट पाणी घातलं की १ टक्क्याचं द्रावण होतं, तेवढं पुरतं. घट्ट वापरलं म्हणजे लवकर गुण येतो हा समज काढून टाका; कातडी भाजते. लावल्यावर दहा मिनिटं राहू द्या. लगेच धुतलं तर जंतू मरत नाही, औषध फुकट जातं. दहा मिनिटांनंतर मात्र साध्या पाण्यानं पूर्ण काढून टाका, कारण फेस मागे राहिला तर त्यानंच खाज सुटते.

आणखी एक गोष्ट. आधी अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणानं पाय धुतला असेल तर तो साबण पूर्ण निघायला हवा. साबणामुळे क्लोरहेक्सिडीन निकामी होतं.

ते मिळालं नाही तर पोव्हिडोन आयोडीन. बाटलीतल्या १० टक्के औषधाचा एक भाग, नऊ भाग पाणी. रंग कोऱ्या चहासारखा दिसायला हवा. दोन्ही औषधं एकत्र करू नका. पहिले तीन-चार दिवस रोज धुवा, मग दोन-तीन दिवसांआड. जखम कोरडी पडायला लागली की धुणं बंद. बरं वाटत असताना उगाच रोज धूत राहिल्यानं किती घोडे पुन्हा मागे पडतात!

वाळवायचं कसं? पावसाळ्यात आमच्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही.

हाच खरा प्रश्न आहे. थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की चिखल आपोआप वाळू द्या आणि सकाळी ब्रशनं झाडा. तिकडे ते चालतं. जुलैत माथेरानच्या धुक्यात संध्याकाळचा चिखल सकाळपर्यंत जसाच्या तसा ओला असतो. तिथे रात्रभर चिखल पायावर ठेवणं म्हणजे पाय रात्रभर पाण्यात ठेवणं.

म्हणून इकडे वाळवणं हे काम म्हणूनच करावं लागतं. जुन्या सुती साड्या, धोतरं, पंचे यांचे तुकडे करून ठेवा. नव्या टॉवेलपेक्षा जुनं सुती कापड पाणी जास्त शोषतं आणि टोचत नाही. कापड पायाला लावून दाबायचं, घासायचं नाही. पहिलं ओलं झालं की दुसरं. मागच्या खळग्यात बोटाला कापड गुंडाळून पुसा. बाकी पाय कोरडा दिसतो आणि पाणी नेमकं तिथेच राहतं. प्रत्येक पायाला वेगळं कापड, आणि वापरलेली कापडं उकळत्या पाण्यातून काढायची. चुलीच्या किंवा शेगडीच्या वर दोरी बांधून ती वाळवता येतात.

वीज असेल आणि घोडा आवाजाला बुजत नसेल तर केस वाळवायचं यंत्र थंड किंवा अगदी कोमट हवेवर, हातभर अंतरावरून वापरायला हरकत नाही. साधा टेबल पंखा घोड्याच्या पायाच्या उंचीवर, तोंड आणि वायर त्याच्या टप्प्याबाहेर ठेवून, अर्धा तास चालवला तरी मोठा फरक पडतो. दिवसभरात एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर औषध लावण्यापेक्षा पाय वाळवा.

मलम कोणतं लावायचं?

साफ आणि कोरड्या झालेल्या जागेवर सिल्व्हर सल्फाडायझीनचं मलम पातळ थरात. भाजल्यावर माणसांना लावतात तेच. भेगा फार कोरड्या आणि ताठ झाल्या असतील तर झिंक ऑक्साइडचं मलम कातडी मऊ ठेवतं.

मेडिकलमधून मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्रणाच्या क्रीमबद्दल मात्र सावध करायचं आहे. खाज, गजकर्ण, चिखल्या सगळ्यांवर एकच, अशा या स्वस्त नळ्या खेडोपाडी मिळतात आणि त्यांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. लावल्यावर दोन दिवसांत लाली उतरते, घोडेवाल्याला वाटतं गुण आला. प्रत्यक्षात कातडीची लढण्याची ताकद कमी झालेली असते आणि जंतू खाली पसरत असतो. शिवाय स्टेरॉइडमुळे काही घोड्यांना खुराच्या आत सूज येते, आणि तो आजार चिखल्यांपेक्षा शंभर पटींनी वाईट. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी नावं दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका.

हळद, कडुनिंब, काळं तेल, मोरचूद, यांतलं काय चालेल?

कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेलं पाणी गार करून धुवायला वापरलं तर अपाय नाही. सुरुवातीच्या हलक्या चिखल्यांत, दुसरं काही हाताशी नसताना, तेवढं करा. हळद खोबरेल तेलात कालवून लावतात. कोरड्या, बऱ्या होत आलेल्या भेगांवर ठीक आहे. ओल्या, पू असलेल्या खपल्यांवर नाही, कारण तेलाचा थर ओल आत कोंडतो.

काळं तेल, म्हणजे गाडीचं जळकं ऑइल, कधीही नाही. त्यात धातूचे कण आणि विषारी पदार्थ असतात, कातडी भाजते, आणि घोडा पाय चाटतो तेव्हा ते पोटात जातं. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी, चुना, सगळ्यांना हेच लागू. मोरचूद वापरून खुराचा सडका भाग सुकवायची पद्धत आहे, पण खूर वेगळं आणि त्यावरची जिवंत कातडी वेगळी. कातडीवर मोरचूद जखम करतं.

आपल्या आजोबांनी काळं तेल लावून घोडा बरा केला असं कुणी सांगेल. तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं. आज शंभर-दोनशे रुपयांत बरं औषध मिळतं.

इंजेक्शन लागतंच का?

हलक्या चिखल्यांना लागत नाही. धुणं, वाळवणं आणि मलम पुरतं. पाय वरपर्यंत सुजला, ताप आला, लंगडणं सुरू झालं तर लागतं. कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टर घोड्याचं वजन पाहून ठरवतो. सुरू केलेला कोर्स मध्येच सोडू नका. धनुर्वाताची लस मात्र प्रत्येक घोड्याला असायलाच हवी. धनुर्वाताला घोड्याइतका नाजूक पाळीव प्राणी दुसरा नाही, आणि पायाची भेग व लिदीनं माखलेली जमीन ही त्या जंतूला मिळालेली मोकळी वाट असते.

दुखणं थांबवायला माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक टोचू नका. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे. डॉक्टर मेलॉक्सिकॅमसारखं दुसरं औषध देतो.

डॉक्टरला कधी बोलवायचं?

लंगडत असेल, पाय गुडघ्यापर्यंत सुजून गरम लागत असेल, ताप असेल, चारा सोडला असेल, तर लगेच. जखमेत अळ्या पडल्या असतील तर लगेच. आपल्याकडे पावसाळ्यात माशा एका दिवसात हे करतात. चार-पाच दिवस नीट उपचार करूनही खपल्या वाढत असतील तर. आणि चारपैकी सगळे पाय एकदम बिघडले असतील तर.

राज्यात पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. गंभीर घोड्यासाठी मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या शेजारचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. साताऱ्याकडच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. येताना एक सुटलेली खपली स्वच्छ डबीत कोरडी ठेवून आणा. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की डर्माटोफिलसचे गोल ठिपके समांतर ओळींत मांडलेले दिसतात आणि निदान तिथल्या तिथे होतं.

चिखल्या वाटतात पण चिखल्या नाहीत, असं होऊ शकतं का?

होतं, आणि यातला एक आजार माणसाच्या जिवावर येणारा आहे, म्हणून हे उत्तर पूर्ण वाचा.

ग्लँडर्स या आजाराचा एक प्रकार कातडीवर येतो. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला एका ओळीत गाठी येतात, त्या फुटून खोल जखमा होतात आणि त्यांतून मधाच्या रंगाचा चिकट स्राव गळतो. मधली शीर दोरीसारखी जाड लागते. कधी नाकातूनही घट्ट शेंबूड येतो, बरेचदा एकाच बाजूनं. चिखल्या टाचेमागे आणि खपल्यांच्या असतात. गाठींची माळ वर चढत जाणं हे चिखल्यांचं लक्षण नाही. असं दिसलं तर हात लावू नका, घोडा वेगळा बांधा, बाजारात नेऊ नका, विकू नका आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्यानुसार ही खबर देणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. याला लस नाही, आणि ज्या घोड्याचा अहवाल सकारात्मक येतो त्याला वाचवता येत नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लपवलेला एक घोडा सगळी पागा आणि घरची माणसंही धोक्यात घालतो.

बाकीचे आजार इतके भयंकर नाहीत. बरसातीत माशा जखमेवर हाब्रोनेमा जंताच्या अळ्या सोडतात. मग जखम भरायच्या ऐवजी लाल मांस वर येत जातं आणि त्यात पिवळे, वाळूसारखे कण सापडतात. त्याला जंताचं औषध लागतं, धुण्यानं ती बरी होत नाही. घोडा रात्री पाय आपटत असेल, एक पाय दुसऱ्यावर घासत असेल तर खरजेचे किडे असू शकतात. फक्त पांढऱ्या पायांवर, तेही पाऊस उघडून कडक ऊन पडल्यावर, दुखऱ्या खपल्या आल्या आणि तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरही तसंच झालं, तर ऊन सोसत नाही असं समजा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

खरजेसाठी गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध चालेल का?

बाटलीवर अमित्राझ लिहिलं असेल तर घोड्याच्या जवळही नेऊ नका. त्यानं घोड्याच्या आतड्यांची हालचाल थांबते आणि पोटदुखीनं घोडा मरू शकतो. गाईला चाललं म्हणून घोड्याला चालेल हा हिशोब करू नका.

हंगाम आहे. घोड्याला कामावर न्यावं का?

हलक्या चिखल्या असतील, लंगडत नसेल, तर कोरड्या जागी थोडं चालवणं चांगलंच. चालण्यानं पायातली सूज उतरते. भेगा उघड्या असतील, रक्त येत असेल, लंगडत असेल तर नाही. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापासून वर माणूस किंवा सामान घेऊन ओल्या चढावर जाताना टाचेची भेग प्रत्येक पावलाला फाटते. जखम असलेल्या, कामाला असमर्थ जनावराला राबवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

रोजच्या कमाईवर घर चालतं हे ठाऊक असूनच सांगतो: आठवडाभराची सुटी दिली नाही तर महिनाभराची द्यावी लागते. दोन घोडे असतील तर आलटून पालटून काढा. एकच असेल तर शेजाऱ्याशी वेळ वाटून घेता येते का बघा. बऱ्याच ठिकाणी घोडेवाले हे करतात आणि ते सगळ्यांच्याच फायद्याचं असतं.

संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुवावेत का?

चिखल सुकणार असेल, म्हणजे जूनच्या सुरुवातीला किंवा उघडीप असताना, तर सुकू द्या आणि मऊ ब्रशनं झाडा. सुकणारच नसेल तर एकदाच स्वच्छ पाण्यानं, मगानं ओतून, वरून खाली धुवा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवा. धुवून न वाळवणं हे न धुण्यापेक्षा वाईट. नळीचा जोराचा फवारा नको. त्यानं माती कातडीत दाबली जाते.

निरोगी पायांचे केस पावसाळ्यात कापू नका. ते पाणी ओघळून जायला मदत करतात.

तबेल्यात काय बदलावं?

जमिनीला उतार द्या, घोड्याच्या मागच्या बाजूला. मूत्र साचलं की त्यातला अमोनिया कातडी मऊ करतो आणि दिवसभर पाय जपलेला घोडा रात्री तबेल्यात बिघडतो. हे फार जण विसरतात. खाली भाताचा कोरडा पेंढा जाड घाला आणि ओला भाग रोज काढा. गिरणीचा भुसा वापरत असाल तर तो आधी ओला नाही ना ते बघा. बांधायच्या जागेपुढे, जिथे सगळे घोडे उभे राहून चिखल तुडवतात, तिथे खडी किंवा फुटक्या विटा पसरा.

हे माणसांना किंवा इतर घोड्यांना होतं का?

इतर घोड्यांना होतं, पण त्यांचेही पाय ओले असतील तरच जंतूला शिरकाव मिळतो. खरारा, ब्रश, दोऱ्या, कापडं वेगळी ठेवा. माणसाला क्वचित होतं, हातावर कापलेलं असेल तर जास्त. हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा. ज्या मुलांच्या पायांना आधीच चिखल्या आहेत त्यांना अनवाणी तबेल्यात पाठवू नका.

वारीत किंवा वरातीत घोडा दिवसभर रस्त्यावर असतो. तिथे काय करायचं?

माऊलींचे अश्व अंकलीहून आळंदीला आणि तिथून पंढरपूरला ज्येष्ठ-आषाढात चालत जातात, म्हणजे ओल्या रस्त्यावरचा प्रवास टाळता येत नाही अशी परंपराच आपल्याकडे आहे. अशा घोड्याला निघण्यापूर्वी, पाय पूर्ण स्वच्छ आणि कोरडे असताना, टाचेमागे झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. मुक्कामावर तो पुसून काढा, पाय तपासा, वाळवा. ओल्या किंवा खपली धरलेल्या पायावर हा थर कधीच नाही. वरातीच्या घोड्याच्या पायात घुंगरू आणि गोंडे बांधतात, ते ओले झाले की काढा; पट्ट्याखाली घासून तिथेच सुरुवात होते.

पायांना काही नाही, पण पाठीवर खपल्या आल्यात. हे वेगळं आहे का?

तोच जंतू, जागा वेगळी. पावसाचं पाणी पाठीवरून जसं ओघळतं तशा पट्ट्यांत केसांचे झुपके निघतात. ओलं खोगीर आणि ओली घोंगडी घालू नका, प्लास्टिक पांघरून घोडा उभा ठेवू नका. उपचार पायासारखाच, आणि पाठ बरी होईपर्यंत खोगीर नाही.

दरवर्षी त्याच घोड्याला का होतं?

काही घोड्यांच्या कातडीवर जंतू वर्षभर राहतो आणि पहिल्या पावसाची वाट बघतो. मे महिन्यातच त्याचे पाय तपासा, जुनी खपली राहिली असेल तर ती तेव्हाच, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत, मऊ करून काढा. हाडकुळ्या, जंत झालेल्या, नुसत्या वाळल्या गवतावर राहणाऱ्या घोड्याची कातडी लवकर हार मानते; त्याला जंताचं औषध, खनिज मिश्रण आणि पोटभर चारा द्या. घोडा म्हातारा असेल आणि उन्हाळ्यातही त्याचे लांब केस झडत नसतील तर मेंदूतल्या ग्रंथीचा आजार असू शकतो. त्याची रक्ततपासणी करून घ्या, नाहीतर पाय कितीही जपले तरी ते पुन्हा बिघडतील.

किती दिवसांत बरं होतं?

सुरुवातीला धरलं तर एक ते तीन आठवडे. भेगा खोल असतील तर दोन महिनेही लागतात. शेवटची खपली पडून खाली गुलाबी, कोरडी, केस फुटू लागलेली कातडी दिसेपर्यंत पाय बरा झाला असं धरू नका. आणि केस पूर्ण येईपर्यंत रोज संध्याकाळी त्या खळग्यात बोट फिरवणं चालू ठेवा.